याले काहीच आठवत नाही

31 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेत 'जस्टिस लीग'चा अंक क्रमांक 1 विक्रीला आला. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन यांची ही टीम 1960 पासून चालत आलेली, तरी हा पुन्हा पहिला अंक. डीसी कंपनीने आपल्या चालू मालिका एका दमात थांबवल्या आणि त्यानंतरच्या महिन्याभरात 52 मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. 'जस्टिस लीग'चा लेखक जेफ जॉन्स, चित्रकार जिम ली. मागणी दोन लाख प्रतींच्या पुढे गेली. त्याच दिवसांत जुने वाचक खवळून उठले. त्यांच्या रागाबद्दल तेव्हा जे लिहिलं गेलं त्यात बहुतेकांचं निदान एकच होतं: ही मंडळी आता वयाने वाढली, त्यांना बदल सोसवत नाही.

हे निदान मला पटत नाही. मी हे वर्ध्याला अगदी लागून असलेल्या सिंदी (मेघे)मधून लिहितो आहे. (तान्ह्या पोळ्यासाठी नावाजलेलं ते सिंदी (रेल्वे), ते वेगळं.) आमच्याकडे जस्टिस लीगचे अंक कधी आले नाहीत. आमच्याकडे होते नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा, परमाणू. पण त्या अमेरिकन वाचकांना नेमकं काय लागलं होतं, ते मला इथल्याच एका नववी-दहावीतल्या मुलाच्या तोंडून कळलं. राज कॉमिक्सने 'नरक नाशक नागराज' अशी नवी मालिका काढली होती. नाव तेच, अंगात साप तेच, पण जग निराळं आणि मागचा सगळा इतिहास नव्याने लिहिलेला. त्याने अंक वाचला, मिटला आणि शेजारच्याला म्हणाला, "हा तो नागराज नाही ना बे. याले काहीच आठवत नाही."

चित्रं आवडली नाहीत, पोशाख बिघडवला, गोष्ट कंटाळवाणी आहे, असं तो म्हणाला नाही. नायकाला आठवत नाही, ही त्याची तक्रार होती. रीबूटवर, म्हणजे जुनं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यावर, चिडणाऱ्या वाचकाची रास्त तक्रार हीच असते असं माझं म्हणणं आहे, आणि ती सगळ्यात जास्त रास्त ठरते ती टीमच्या बाबतीत. एकट्या नायकाला पुन्हा पहिल्यापासून उभं करता येतं. टीमला तसं करता येत नाही, कारण दोन-चार माणसांनी मिळून जे सोसलं, जे एकमेकांना माफ केलं, ज्यावरून ती भांडली, त्यातून टीम तयार होते. तेवढं काढून घेतलं तर रंगीत कपड्यांतली अनोळखी माणसं एका पानावर उभी दिसतात, इतकंच.

एकट्या नायकाचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा. 1987 मध्ये तो दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपात दिसला आणि 2017 मध्ये आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात अमेय वाघच्या रूपात. चित्रपटातला फेणे शाळकरी राहिला नव्हता, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा झाला होता. त्याच्या भोवतीचं पुणंही बदललं होतं. कुरकुर झाली, नाही असं नाही. पण माझ्या ओळखीतल्या ज्या लोकांनी लहानपणी ती पुस्तकं पारायणं केल्यासारखी वाचली होती, त्यांनी त्या फेणेला फेणे म्हणून ओळखलं. त्याचं फेणेपण त्याच्या स्वभावात आहे: नाक खुपसायची सवय, जिवाची पर्वा न करता धावणं, आणि ते 'ट्टॉक'. स्वभाव एका माणसापुरता असतो, म्हणून तो नव्या काळात उचलून नेता येतो. शिवाय चित्रपटकर्त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. खुद्द भागवतांना पात्र म्हणून त्याच्या शेजारी बसवलं, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. नव्या फेणेला आपण कुठून आलो याची आठवण दिली.

आता ध्रुवकडे पाहा. अनुपम सिन्हांनी 1987 मध्ये घडवलेला हा नायक राज कॉमिक्सच्या गर्दीत वेगळा, कारण त्याच्याकडे अलौकिक शक्ती नाही. ज्युपिटर सर्कस जळाली, त्यात आईवडील गेले, पोलीस अधिकारी राजन मेहरांनी त्याला घरी आणलं. त्या घरात श्वेता ही बहीण मिळाली. हीच श्वेता मुखवटा घालून चंडिका होते आणि भावाच्या खांद्याला खांदा लावून लढते, आणि भावाला पत्ता नसतो. त्या चौकटी मला अजून दिसतात. चंडिका समोर उभी, ध्रुव तिच्याशी परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने बोलतोय, आणि आम्ही पोरं पानावर बोट आपटून त्याला सांगतोय की अरे, ही तुझी बहीण आहे! पीटर, रेणू, करीम ही त्याची कमांडो फोर्स. नताशावर त्याचं प्रेम, आणि तिचा बाप ग्रँडमास्टर रोबो त्याचा वैरी. निळ्यापिवळ्या कपड्यांतला, मोटरसायकलवरचा हा पोरगा या सगळ्या माणसांमुळे ध्रुव झाला. उद्या कुणी सर्कस ठेवली, मोटरसायकल ठेवली, कमरेचा पट्टाही ठेवला आणि श्वेताला त्याच्यासाठी अनोळखी केलं, तर त्या पोराला ध्रुव म्हणणं मला जड जाईल.

अमेरिकेत हा प्रयोग ज्या टीमवर सगळ्यात जास्त वेळा झाला ती म्हणजे 'लीजन ऑफ सुपर-हीरोज'. 1958 मध्ये सुपरबॉयच्या एका गोष्टीत तीन मुलं हजार वर्षांनंतरच्या भविष्यातून येतात: कॉस्मिक बॉय, सॅटर्न गर्ल, लायटनिंग बॉय. (तिसऱ्याचं नाव पुढे लायटनिंग लॅड झालं.) त्यांचा एक क्लब असतो. वाचकांना तो क्लब इतका आवडला की पुढे त्याची मालिकाच झाली आणि सभासदांची संख्या वीस-पंचवीसच्या घरात गेली. एवढी माणसं लक्षात ठेवणं हेच वाचकाचं काम होऊन बसलं, आणि वाचकांनी ते हौसेने केलं. ते नव्या सभासदांच्या कल्पना पत्राने पाठवत. लीजनचा नेता कोण व्हावा यासाठी ते टपालाने मत देत, आणि निवडून आलेला सभासद पुढच्या गोष्टींत खरोखर नेता होत असे. पिट्सबर्गच्या एका पोलाद कामगाराच्या मुलाने, जिम शूटरने, तेराव्या वर्षी लीजनची गोष्ट लिहून कंपनीला धाडली. ती 1966 मध्ये छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, आणि त्यानंतर तो त्या मालिकेचा नेमाचा लेखक झाला. वाचक आणि लेखक यांच्यात भिंत अशी राहिलीच नव्हती.

याच शूटरने 1967 मध्ये फेरो लॅडला मारलं. लोखंडी मुखवट्याआड चेहरा लपवणारा हा मुलगा सूर्य गिळणाऱ्या एका राक्षसी ढगात बॉम्ब घेऊन शिरला आणि परतला नाही. त्या काळच्या मुलांच्या कॉमिक्समध्ये टीममधला कुणी खरोखर मरून मेलेलाच राहावा, ही गोष्ट दुर्मीळ होती. लीजनने त्याचं स्मारक उभारलं, त्याचं नाव पुढे निघत राहिलं, आणि वाचकांनी ते दुःख वर्षानुवर्षं सांभाळलं. मग 1994 आलं. 36 वर्षांचा इतिहास पुसून लीजन शून्यापासून सुरू करण्यात आली. नव्या जगात ते बलिदान घडलेलंच नव्हतं, फेरो जिवंत होता. वरवर पाहता ही आनंदाची बातमी. पण जुन्या वाचकांना ती तशी वाटली नाही, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्या मरणासाठी ते रडले होते, ते मरण त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. त्या मरणामुळे बाकीचे सभासद जसे घडले, जसे सावध झाले, जसे एकमेकांना धरून राहिले, तेही सगळं गेलं. 2004 मध्ये लीजन पुन्हा पहिल्यापासून. 2019 मध्ये आणखी एकदा. यांतले काही लेखक फार गुणी होते, मार्क वेडची 2004 ची लीजन हुशारीने लिहिलेली आहे. तरी दर वेळी वाचकाला पंचवीस अनोळखी माणसांशी नव्याने ओळख करून घ्यायची होती, आणि दर वेळी त्याच्या मनात शंका होती की हेही पुसलं जाणार. अशा वाचकाने जीव कशात लावायचा?

2011 कडे परत येतो, कारण तिथे ही गोष्ट सगळ्यात उघडपणे दिसते. स्टारफायर ही परग्रहावरची राजकन्या 1980 पासून मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या 'न्यू टीन टायटन्स'मध्ये होती. आपल्याकडच्या मुलांनाही ती कार्टून नेटवर्कवरच्या 'टीन टायटन्स'मुळे ठाऊक होती, केबल आलेल्या प्रत्येक गावात. रॉबिन, सायबॉर्ग, रेव्हन, बीस्ट बॉय हे तिचे जिवाभावाचे सोबती. 2011 च्या नव्या मालिकेत तिला या सोबत्यांची नावं घेऊन विचारलं जातं, आणि तिला कुणीही आठवत नाही. वर तिला ज्या कपड्यांत आणि ज्या पवित्र्यात दाखवलं त्यावर झालेली टीका सर्वस्वी योग्य होती. अमेरिकेतल्या एका सात वर्षांच्या मुलीचं मत तेव्हा खूप वाचलं गेलं. कार्टूनमधली स्टारफायर तिची लाडकी होती, आणि ही नवी तिला नायिका वाटत नव्हती. सात वर्षांच्या मुलीला 'म्हातारी झाली, बदल सोसवत नाही' असं कोण म्हणेल?

सायबॉर्गचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, म्हणून जास्त शिकवणारं. या कृष्णवर्णीय नायकाला नव्या जस्टिस लीगमध्ये संस्थापक सभासदाची खुर्ची मिळाली. हा निर्णय चांगला होता असं मला वाटतं. इतक्या वर्षांच्या गोऱ्या मांडवात त्याची जागा पहिल्या रांगेत असायलाच हवी होती. 'हा कशाला इथे' असं ज्यांनी विचारलं त्यांच्याशी माझं कसलंही नातं नाही. पण त्याच वेळी दुसऱ्या काही वाचकांनी वेगळा प्रश्न विचारला: याला मोठी खुर्ची दिली, पण याचे टायटन्स कुठे गेले? अपघातात निम्मं शरीर गमावलेल्या, बापावर चिडलेल्या त्या मुलाला ज्यांनी पुन्हा माणसांत आणलं, ते मित्र त्याच्या भूतकाळातून गळाले होते. त्याला मान मिळाला आणि घर गेलं. हे दोन प्रश्न एकाच दिवशी, एकाच आवाजात, एकाच गर्दीतून आले म्हणून ते एकच आहेत असं समजणं ही मोठी चूक आहे. पहिला प्रश्न टीमचं दार बंद करू पाहतो. दुसरा प्रश्न टीमला तिची माणसं परत मागतो.

बॅटगर्ल बार्बरा गॉर्डनचंही तसंच. 1988 मध्ये जोकरच्या गोळीने ती कमरेखाली लुळी पडली. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल यांनी तिला ओरॅकल केलं. व्हीलचेअरवरून, संगणकाच्या पडद्यासमोर बसून ती सगळ्या नायकांना वाट दाखवू लागली, आणि 'बर्ड्स ऑफ प्रे' या टीमचा कणा झाली. नव्या मालिकेत ती बरी होऊन पुन्हा बॅटगर्ल म्हणून छपरांवरून उड्या मारू लागली. अपंग वाचकांनी याला विरोध केला. सुपरहीरोंच्या जगात आपल्यासारखं असणारी, आणि कुणाच्या दयेवर नसलेली एकच मोठी व्यक्ती त्यांना लाभली होती. तीच काढून घेतली. मला तरी या विरोधात हट्टीपणा दिसत नाही.

कंपनीकडचा युक्तिवाद असा असतो: पन्नास वर्षांचं ओझं घेऊन नवा वाचक आत येणार कसा? त्याला पहिलं पान हवं. ऐकायला हे पटतं, विक्रीचे पहिले आकडेही त्या बाजूने बोलत होते. पण जानेवारी 2012 मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, 52 पैकी सहा मालिका बंद करत असल्याचं जाहीर झालं, आणि पुढे आणखी बंद होत गेल्या. ते जाऊ दे. आकडे मला मुख्य पुरावा वाटत नाहीत. मुख्य पुरावा हा की नवा वाचक पहिल्या पानाची वाट पाहत बसतो, ही समजूतच खोटी आहे.

आमच्या पिढीतला वर्धा जिल्ह्यातला एकही कॉमिक्सवाला पोरगा पहिल्या भागापासून सुरू झालेला नव्हता. इंद्रजाल कॉमिक्स 1964 मध्ये निघालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. त्याबरोबर मराठीतला वेताळ, म्हणजे फँटम, गेला. मग आम्ही हिंदी कॉमिक्स वाचू लागलो, विदर्भात हिंदी कुणाला परकी नाही. वर्ध्यातल्या दुकानांत ती रोजाने भाड्याने मिळायची. दुकानदार अंकाची पाठ जाड दोऱ्याने शिवून घ्यायचा, मुखपृष्ठाला पुठ्ठा चिकटवायचा, आतल्या पानावर शिक्का मारायचा. पाठ शिवल्यामुळे आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत जायची आणि फुग्यातले शब्द अंदाजाने वाचावे लागायचे. दोन भागांच्या गोष्टीचा पहिला भाग नेहमी बाहेर गेलेला असायचा. मिळायचा तो दुसरा. मग आम्ही मोठ्या मुलाला गाठायचो. "दादा, हा कोण?" "हा नागदंत ना बे. याची अन् नागराजची जुनी खुन्नस आहे." तेवढ्यावर आम्ही पुढचं वाचायचो. पहिला भाग कधीतरी महिन्यांनी हाती लागायचा, तेव्हा तो ऐकलेल्याशी जुळतो का हे ताडून पाहण्याची मजा वेगळीच होती.

नवा वाचक असाच येतो. त्याला इतिहासाची भीती नसते. आपल्या आधी इथे बरंच काही घडून गेलं आहे, आणि ते माहीत असलेला कुणीतरी ओट्यावर बसलेला आहे, याचं त्याला आकर्षण असतं. रीबूट त्या ओट्यावरच्या मोठ्या मुलाला निरुपयोगी करतं. त्याला जे ठाऊक आहे ते आता घडलेलंच नाही. कंपनीला वाटतं आपण दार उघडलं, पण आत घेऊन येणारा माणूस तिने दारातून हाकलून दिलेला असतो.

बदल वाचकाला चालतो याचा पुरावाही आमच्याच हातात होता. नागराज 1986 मध्ये आला, परशुराम शर्मांनी लिहिलेला आणि प्रताप मुळीकांनी काढलेला. मुळीक हे आपले मराठी चित्रकार, अमर चित्रकथेत मुरलेले. त्यांचा नागराज देशोदेशी फिरून दहशतवाद्यांशी लढायचा. प्रोफेसर नागमणीने त्याला विकाऊ हत्यार म्हणून बनवलेलं, आणि बाबा गोरखनाथांनी त्याला त्या गुलामीतून सोडवलेलं. पुढे तो अनुपम सिन्हांकडे गेला आणि पार बदलला. महानगरात स्थिरावला, राज या नावाने भारती कम्युनिकेशन्समध्ये नोकरी करू लागला, शक्ती वाढल्या, गोष्टी लांबल्या, चित्रांची घडणच निराळी झाली. मुळीकांचा नागराज मोठा की सिन्हांचा, यावर सिंदीत आणि वर्ध्यात तासन् तास वाद झाले, अजूनही होतात. मी मुळीकांच्या बाजूचा, त्या चित्रांतलं स्नायूंचं वजन पुढे कुणाला साधलं नाही असं माझं ठाम मत आहे. पण हा दुसराच नागराज आहे, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. कारण महानगरातल्या नागराजालाही नागमणी आठवत होता. जुने वैरी त्याला शोधत यायचे आणि तो त्यांना ओळखायचा.

अमेरिकेत याचं सगळ्यात सुंदर उदाहरण 1975 चं 'जायंट-साइझ एक्स-मेन' आहे. एक्स-मेनची मूळ मालिका 1970 पासून जुन्याच गोष्टी पुन्हा छापत कशीबशी तग धरून होती. लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी जवळजवळ पूर्ण नवी टीम आणली: केनियातून स्टॉर्म, जर्मनीतून नाइटक्रॉलर, रशियातून कोलोसस, कॅनडातून वुल्व्हरिन, शिवाय जपानी, आयरिश आणि अपाची सोबती. 2011 च्या मानानेही हा बदल धाडसी म्हणावा लागेल. पण गोष्ट काय होती? जुनी टीम एका बेटावर अडकली आहे, त्यातला एकटा सायक्लॉप्स सुटून परत आला आहे, आणि तो या नव्या अनोळखी माणसांना म्हणतो की माझ्या मित्रांना सोडवायला चला. नव्यांचं पहिलं काम जुन्यांना वाचवणं. त्या एका युक्तीने नवे लोक वाचकाचे झाले, आणि ख्रिस क्लेरमॉन्टने ती टीम पुढे सोळा वर्षं लिहिली. टीममध्ये कोण यावं यावर वाचकाने पहारा ठेवू नये, हे मला त्यातून पटतं. लेखकानेही आधी कोण होतं ते विसरू नये.

वेताळाची रचनाही हेच सांगते. आपण वाचला तो एकविसावा वेताळ. आधीचे वीस मेले, प्रत्येकाच्या जागी मुलगा आला. पण कवटीच्या गुहेत त्या सगळ्यांच्या हकिकती लिहिलेल्या वह्या आहेत, आणि आजचा वेताळ त्या उघडून वाचतो. माणूस नवा, आठवण जुनी.

इथे कुणी म्हणेल, आपल्या संस्कृतीत तर कथा पुन्हा पुन्हा नव्याने सांगायचीच रीत आहे, मग एवढा त्रागा कशाला? बरोबर आहे. पाच पांडव आणि कृष्ण ही तर आपली सगळ्यात जुनी टीम. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' लिहिलं तेव्हा द्रौपदी, भीष्म, कृष्ण यांच्याकडे इतक्या परखडपणे पाहिलं की अनेक वाचक दुखावले. पण कर्वे यांनी आधीचं महाभारत घडलं नाही असं म्हटलं नाही. त्यांचं सगळं बळ वाचकाला ते आधीच ठाऊक असण्यात होतं. द्यूतसभा माहीत नसलेल्याला त्यांच्या द्रौपदीवरच्या निबंधाचं काय होणार? पुन्हा सांगणं जुन्यावर उभं राहतं. रीबूट जुन्याला जागा रिकामी करायला सांगतं. 'नागायण'मध्ये राज कॉमिक्सनेही रामायणाचा साचा घेऊन नागराज आणि ध्रुवला भविष्यात नेलं होतं, आणि वाचकांनी ते डोक्यावर घेतलं, कारण त्यात आलेलं प्रत्येक नातं आधीच्या अंकांतून वाढलेलं होतं.

राज कॉमिक्सने पुढे वेगळी वाट धरली. जुना नागराज पुसला नाही, त्याच्या शेजारी आणखी नागराज उभे केले. विश्वरक्षक, आतंकहर्ता, नरक नाशक असे तीन झाले, प्रत्येकाचं जग वेगळं. पुसण्यापेक्षा हे बरं, हे मी मान्य करतो. ध्रुवच्या बालपणाची कथा नव्याने सांगणारी 'बालचरित' मालिकाही खुद्द अनुपम सिन्हांनीच लिहिली, परक्या हाताने नव्हे. पण शेजारी-शेजारी तीन जगं झाली की वाचकही तीन होतात. ब्रह्मांड रक्षक, म्हणजे राज कॉमिक्सच्या नायकांची टीम, एकत्र यायची तेव्हा आम्हाला जो आनंद व्हायचा, तो सगळ्यांना एकच भूतकाळ असल्यामुळे व्हायचा. ध्रुव आणि नागराज पानावर हात मिळवत, तेव्हा त्या हस्तांदोलनात मागच्या सगळ्या भेटी असायच्या. कुठला नागराज कुठल्या ध्रुवला ओळखतो, हे आधी तपासावं लागलं की ती भेट फिकी पडते. पुढे कंपनीच गुप्ता बंधूंच्या तीन नावांत वाटली गेली, आणि वाचकाची आणखी फाळणी झाली.

डीसीने मात्र एकदा जाहीरपणे हिशेब चुकता केला. 25 मे 2016 रोजी 'डीसी युनिव्हर्स: रीबर्थ' हा अंक निघाला. लेखक तोच जेफ जॉन्स. त्यात वॉली वेस्ट, 2011 मध्ये गायब झालेला फ्लॅश, काळाच्या बाहेर अडकला आहे. तो एकेका ओळखीच्या माणसापुढे प्रकट होतो, कुणीतरी आपल्याला ओळखावं म्हणून. ओळखलं नाही तर तो विरून जाणार. त्याची बायको लिंडासुद्धा त्याला ओळखत नाही. शेवटी आधीच्या फ्लॅशला, बॅरी अ‍ॅलनला, आठवतं आणि तो त्याला ओढून आत घेतो. आणि गोष्टीतच सांगितलं जातं की या नायकांच्या आयुष्यातली दहा वर्षं कुणीतरी चोरली आहेत. पाच वर्षं वाचक जे ओरडून सांगत होते, ते कंपनीने कथानक करून छापलं. वाचकांना बदल सोसत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो अंक वाचायला हवा.

रीबूटवर रागावणाऱ्या गर्दीत वाईट माणसं असतात हे मी नाकारत नाही. चित्रकर्तीला धमक्या देणारे असतात, मुखपृष्ठावर काळा चेहरा दिसला की बिथरणारे असतात. 2019 च्या लीजनमध्ये लायटनिंग लॅड कृष्णवर्णीय झाला तेव्हाही असे आवाज उठलेच. त्यांना सुनावलंच पाहिजे, आणि ते काम जुन्या वाचकांनी करायला हवं, कारण ते आपल्याच ओट्यावर बसलेले असतात. पण त्यांच्या आडून कंपन्यांनी बाकीच्यांची रास्त तक्रार झटकून टाकू नये. पत्र लिहून लीजनचा नेता निवडणाऱ्या मुलांनी, फेरो लॅडचं दुःख सांभाळणाऱ्यांनी, शिवणीत गेलेले शब्द अंदाजाने वाचणाऱ्यांनी त्या टीम घडवायला मेहनत केली आहे. त्यांच्या नावावर हक्क नसेल, पण त्यांना न विचारता ते सगळं रद्द करणं हा अन्यायच आहे.

आमच्याकडे प्रश्न आता वेगळाच उभा आहे. भाड्याची दुकानं बंद झाली. राज कॉमिक्सचे जुने अंक पुन्हा छापले जातात, पण ते आता संग्रह करणाऱ्यांच्या खिशाच्या मापाने, संच करून. सिंदी (मेघे)तल्या आठवीच्या मुलाला ते परवडत नाहीत. त्याच्याकडे मोबाइलवर आलेलं नवीन काहीतरी असतं, ज्यात कुणालाच काही आठवत नाही, आणि ओट्यावर दादाही नसतो. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी अनुदानित ग्रंथालयं आहेत, काहींत बालविभागही आहे. त्यात कॉमिक्स सापडत नाहीत, कारण ती वाया जाणारी गोष्ट समजली गेली. वर्ध्यातल्या, सिंदीतल्या, बोरगावातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर मात्र ते अंक अजून गठ्ठ्यांनी पडून आहेत, आणि दर दिवाळीला रद्दीवाला त्यातले काही घेऊन जातो. ग्रंथालयांनी ते दिवाळीच्या आधी मागून घ्यावेत, नीट शिवावेत, भाग क्रमाने लावावेत, प्रत्येकावर तो पहिल्यांदा निघाला ते साल घालावं, आणि मुलांना घरी न्यायला द्यावेत.